तत्त्वज्ञान ‘मायनर’ घेताना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पदवीच्या प्रवेशाचे दिवस आहेत. नव्या शैक्षणिक धोरणामुळे अर्जात मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (खुला ऐच्छिक विषय), भारतीय ज्ञानप्रणाली असे बरेच रकाने आले आणि त्यातल्या दोन-तीन रकान्यांत ‘तत्त्वज्ञान’ दिसू लागले. विद्यार्थी विचारतो, ‘सोपा आहे का?’ पालक विचारतात, ‘पुढे उपयोग काय?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण माहितीपुस्तिकेत ‘जीवनाकडे पाहण्याचा व्यापक दृष्टिकोन’ यापलीकडे उत्तर नसते. पदवी वर्गांना हा विषय शिकवणारे आम्ही काही जण त्याबद्दल जरा तपशिलात लिहीत आहोत. जागा जास्त लागेल, सांभाळून घ्यावे.

आमचे म्हणणे एवढेच की पदवीच्या पातळीवर तत्त्वज्ञान दुसऱ्या एखाद्या विषयाच्या जोडीनेच चांगले शिकता येते. मात्र तो विषय तत्त्वज्ञानाशी नेमका कुठे भिडतो ती जागा अभ्यासक्रमात दाखवलेली असली पाहिजे. ही कल्पना काही आमची नाही. ऑक्सफर्डमध्ये नुसत्या तत्त्वज्ञानाची पदवी मिळतच नाही. तिथे राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्राबरोबरचा अभ्यासक्रम १९२० पासून आहे, आणि भौतिकशास्त्र, गणित, संगणकशास्त्र, भाषा, धर्मशास्त्र यांच्याबरोबरही तत्त्वज्ञान घेता येते. आपल्याकडे विद्याशाखांच्या भिंतींमुळे हे जमत नव्हते. आता नियमाने जमते. मायनर साधारण १८ ते २० श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा) असतो आणि ओपन इलेक्टिव्ह मेजरच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. म्हणजे ओपन इलेक्टिव्ह म्हणून तत्त्वज्ञान घेणारा विद्यार्थी बहुधा विज्ञान किंवा वाणिज्य शाखेचा असणार. अडचण अशी की त्याच्यापुढे बीएच्या पहिल्या वर्षाचा जुनाच पेपर कापून ठेवला जातो.

हिशेब करून पाहा. थिअरीचा एक श्रेयांक म्हणजे १५ तास, दोन श्रेयांकांचा पेपर म्हणजे ३० तास. त्यातून अंतर्गत परीक्षा आणि महोत्सवांचे दिवस वजा करायचे. उरलेल्या वेळात थेलिसपासून सार्त्रपर्यंत धावायचे ठरवले की प्रत्येक तत्त्ववेत्त्याच्या वाट्याला जन्म, मृत्यू, ग्रंथांची नावे आणि ‘मुख्य विचार’ म्हणून चार ओळी येतात. तेवढ्यासाठी वर्गात येण्याची गरज नाही, गाइड पुरते. ३० तासांत एकच प्रश्न घ्यावा आणि तो मेजरच्या आतून उचलावा.

उदाहरणार्थ, भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. जे खोटे ठरू शकते तेच विज्ञान, हे विज्ञानाचे तत्त्ववेत्ते पॉपर यांचे मत त्याने कुठेतरी वाचलेले असते आणि त्याला ते पटलेलेही असते. त्याला नेपच्यूनची हकिकत द्यावी. युरेनसची कक्षा न्यूटनच्या गणिताशी जुळेना. तेवढ्यावरून न्यूटनला कुणी मोडीत काढले नाही. पलीकडून एखादा अज्ञात ग्रह ओढत असावा असे धरून फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिए यांनी त्याची जागा गणिताने काढली आणि २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत तिथले खगोलशास्त्रज्ञ गाल यांना सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. पुढे १८५९ मध्ये बुधाच्या कक्षेतही न जुळणारा फरक असल्याचे ल व्हेरिए यांनीच दाखवले. हिशेबात न बसणारे कक्षेचे हे सरकणे शतकामागे सुमारे ४३ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) आहे. त्यांनी तीच युक्ती पुन्हा वापरली : सूर्याजवळ आणखी काहीतरी फिरत असावे. त्या कल्पित ग्रहाचे व्हल्कन असे बारसेही झाले. तो कधीच सापडला नाही. १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांच्या सामान्य सापेक्षता सिद्धांतातून तो फरक नेमका निघाला आणि या वेळी न्यूटनलाच माघार घ्यावी लागली.

मग एकच चाल १८४६ मध्ये शहाणपणाची आणि १८५९ मध्ये फसलेली कशी? निकाल लागण्याआधी, त्याच क्षणी, दोन्हींत फरक करता आला असता का? यावर वर्गात तीन तास सहज जातात, आणि त्यातूनच फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ दुहेम यांचा मुद्दा आपोआप पुढे येतो : भाकीत कधी एकट्या सिद्धांतातून निघत नाही, त्याच्यासोबत गृहीतकांचे गाठोडे असते आणि भाकीत चुकले की गाठोड्यातले नेमके काय चुकले हे निसर्ग सांगत नाही.

याचे प्रात्यक्षिक विद्यार्थ्याच्या जर्नलमध्येच असते. साध्या लंबकाच्या प्रयोगात २० दोलने मोजताना घड्याळ सुरू करतानाच ‘एक’ म्हटले, तर ‘वीस’ म्हणेपर्यंत प्रत्यक्षात १९ दोलने झालेली असतात. काळ कमी भरतो आणि गुरुत्वत्वरण g चे मूल्य ९.८ ऐवजी १०.९ च्या आसपास येते. विद्यार्थी ‘मानवी त्रुटी’ लिहून मोकळा होतो. न्यूटन खोटा ठरला असे लिहीत नाही. का लिहीत नाही? मोजणी, दोरीची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत घेतली की नाही, झोक्याचा कोन, घड्याळ, अशी सगळी गृहीतके क्रमांक घालून लिहायला लावावीत. दहा-बारा निघतात. हा गृहपाठ तत्त्वज्ञानाचाही आहे आणि भौतिकशास्त्राचाही.

भारतीय ज्ञानप्रणालीच्या पेपरलाही हेच लागू आहे. तो पेपर बऱ्याच ठिकाणी गौरवगाथेसारखा शिकवला जातो आणि त्यामुळे बेचव होतो. आपल्याकडची दर्शने एकमेकांशी कडाकडा भांडली, पूर्वपक्ष (विरोधकाची बाजू) मांडल्याशिवाय सिद्धान्त मांडायचा नाही ही त्यांची शिस्त होती, आणि शिकवायची तर हीच गोष्ट आहे. धुरावरून अग्नीचे अनुमान होते, असे नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचा पंडित, म्हणतो. अनुमान न मानणारा चार्वाक विचारतो, ‘जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी’ हे तुला कसे कळले? तू सगळे धूर पाहिलेस का? न पाहिलेल्यांबद्दल अनुमानाने सांगत असशील, तर जे सिद्ध करायचे तेच तू वापरतो आहेस. अठराव्या शतकात तत्त्ववेत्ता ह्यूमने विगमनावर (पाहिलेल्या उदाहरणांवरून सर्वांबद्दल निष्कर्ष काढण्यावर) घेतलेला आक्षेप ज्याला शिकायचा आहे त्याने हा वाद आधी वाचावा. नैयायिकांचे उत्तरही ऐकण्यासारखे आहे : शंका तिथवरच चालते जिथे ती शंका घेणाऱ्याच्या स्वतःच्या वागण्याशी विसंगत होत नाही. धूर हवा असला की चार्वाकही विस्तवच पेटवतो. हे उत्तर पुरेसे आहे का? आमच्यातच यावर एकमत नाही, आणि परीक्षेला विचारण्याजोगा प्रश्न हाच आहे.

न्यायदर्शनाचे पंचावयवी वाक्य (पाच पायऱ्यांत मांडलेले अनुमान) तर कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला पहिल्या महिन्यात हाताळता येते. ‘शाळेत मोबाइलबंदी केली आणि निकाल वाढला’ अशी बातमी घ्या. प्रतिज्ञा : निकाल बंदीमुळे वाढला. हेतू : कारण तो बंदीनंतर वाढला. आता तिसरा अवयव, उदाहरण, आणि त्यात व्याप्ती, म्हणजे ज्यावर अनुमान उभे आहे तो सार्वत्रिक नियम, उघडपणे सांगावी लागते : जे जे एखाद्या गोष्टीनंतर घडते ते ते तिच्यामुळे घडते. हे वाक्य स्वतःच्या हाताने लिहिताना विद्यार्थी थांबतोच, कारण ते खोटे असल्याचे त्याला दिसते. एखादी गोष्ट दुसरीनंतर घडली पण तिच्यामुळे नव्हे, असे एक जरी उदाहरण सापडले की हेतू सव्यभिचार, म्हणजे भरवशाचा नसलेला, ठरला. उपनय (नियम प्रस्तुत गोष्टीला लावणे) आणि निगमन (निष्कर्ष) लिहायची वेळच येत नाही. पाच हेत्वाभासांची (फसव्या हेतूंची) नावे पाठ करून घेण्यापेक्षा वर्तमानपत्रातली अशी पाच विधाने महिनाभरात सोडवून घेतली तर ती नावे आपसूक लक्षात राहतात.

कायद्याकडे जाणाऱ्यांसाठी मीमांसा, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावण्याचे शास्त्र. एखाद्या वचनाचा अर्थ ठरवताना श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान आणि समाख्या ही सहा प्रमाणे, आणि त्यांच्यात विरोध आला तर आधीचे नंतरच्यापेक्षा बलवान. म्हणजे साक्षात शब्दांनी सांगितलेले सर्वांत वर आणि नुसत्या नावावरून निघणारे सर्वांत खाली. कायद्याच्या कलमाचे शब्द एक सांगत असतील आणि शीर्षक दुसरे सुचवत असेल तर न्यायालय कशाला वजन देते, याच्याशी हे ताडून पाहता येते. ही तुलना हौशी नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर जॉन एज यांनी १८९२ मध्ये दत्तकाच्या खटल्यात मीमांसेचे नियम विचारात घेतले होते. टिळकांनीही गीतेचे तात्पर्य ठरवताना उपक्रम (आरंभ), उपसंहार (समारोप), अभ्यास (पुनरुक्ती) ही मीमांसकांचीच कसोटी लावली. पण सावधगिरी हवी : हे नियम यज्ञविधीच्या वाक्यांसाठी घडवले गेले, संसदेने केलेल्या कायद्यासाठी नव्हेत. ते कुठे लागू पडत नाहीत हे सांगता आले तरच गुण द्यावेत.

वैद्यकीय नीतिशास्त्राचे सगळे सांगायचे तर वेगळे पत्र लागेल. केईएम रुग्णालयातल्या अरुणा शानबाग यांच्या प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निकाल आणि सन्मानाने मरण्याच्या हक्काचा २०१८ चा निकाल, हे दोन शेजारी ठेवून ‘मारणे’ आणि ‘मरू देणे’ यांतला भेद नैतिकदृष्ट्या टिकतो का एवढाच प्रश्न घेतला तरी निम्मे सत्र पुरत नाही. नर्सिंगच्या, मानसशास्त्राच्या आणि समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना तो थेट लागतो.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी मात्र नीतिशास्त्राच्या दारातून आत येत नाही. त्याला गणिताची बाजू आवडते. त्याला हे द्या. जिमखान्याच्या निधीतून काय करायचे, यावर तिघांना मत द्यायचे आहे. पहिल्याचा पसंतीक्रम : वाचनालय, व्यायामशाळा, कँटीन. दुसऱ्याचा : व्यायामशाळा, कँटीन, वाचनालय. तिसऱ्याचा : कँटीन, वाचनालय, व्यायामशाळा. आता दोन-दोन पर्यायांची लढत लावा. वाचनालय व्यायामशाळेला दोन विरुद्ध एक मतांनी हरवते. व्यायामशाळा कँटीनला तसेच हरवते. मग वाचनालय कँटीनच्या पुढे असायला हवे. पण कँटीनच वाचनालयाला दोन विरुद्ध एकने हरवते. तिघेही आपापल्या जागी सुसंगत आहेत, बहुमत मात्र गोल फिरते. फ्रेंच गणितज्ञ कोंदोर्से यांनी हे १७८५ मध्ये दाखवले. अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९५१ मध्ये सिद्ध केले की तीन किंवा अधिक पर्याय असतील तर काही अगदी साध्या वाटणाऱ्या अटी एकाच वेळी पाळणारा निर्णयाचा नियम असूच शकत नाही. अर्थशास्त्राचे पुस्तक इथे थांबते. तत्त्वज्ञानाचा तास इथून सुरू होतो : त्या अटींपैकी कोणती सोडायची? ‘लोकांची इच्छा’ असे काही मुळात असते का? हे विचारायला आधी अटी नीट लिहिता याव्या लागतात, म्हणून तर्कशास्त्र आधी हवे. तसे ॲरो यांनीही विद्यार्थिदशेत टार्स्की या तर्कशास्त्रज्ञाचा वर्ग केला होता.

संगणकाच्या विद्यार्थ्याला तर्कशास्त्राची ओळख करून द्यावी लागत नाही, फक्त घराणे सांगावे लागते. जिन्यातला दिवा खालूनही लावता येतो आणि वरूनही. दोन्ही बटणे सारख्या स्थितीत असली की बंद, वेगवेगळ्या स्थितीत असली की चालू, अशी एक जोडणी घ्या. ते सत्यतासारणीतले ‘हे किंवा ते, पण दोन्ही नाही’. गणितज्ञ बूल यांनी १८५४ मध्ये विचारांचे नियम म्हणून जे बीजगणित मांडले, ते विजेच्या रिले-मंडलांना लागू पडते हे अभियंते शॅनन यांनी १९३७ मध्ये एमआयटीतल्या प्रबंधात दाखवले, आणि शॅनन यांना बूल भेटले होते मिशिगन विद्यापीठात, तर्कशास्त्राच्या वर्गात. आज याच विद्यार्थ्यापुढे वेगळा प्रश्न आहे. आरोपी पुन्हा गुन्हा करेल का याचा अंदाज देणाऱ्या अमेरिकेतल्या एका प्रणालीवर २०१६ मध्ये वाद झाला. तेव्हा गणितज्ञांनी दाखवले की दोन गटांमध्ये मूळ प्रमाणच वेगळे असेल, तर ‘सारख्या गुणांकाचा अर्थ दोन्ही गटांत सारखा असावा’ आणि ‘निर्दोषांवर चुकीचा ठपका दोन्ही गटांत सारख्याच प्रमाणात यावा’ या न्याय्यतेच्या दोन्ही अटी, अपवाद सोडले तर, एकत्र पाळता येत नाहीत. कोणती पाळायची हे कोड सांगत नाही.

आता अभ्यासाचे. आठवड्याला मूळ लेखनाची सहा ते आठ पाने पुरतात, जास्त नकोत. पहिल्या वाचनात पेन्सिलने फक्त एक वाक्य शोधायचे : लेखकाला शेवटी काय पटवायचे आहे? दुसऱ्या वाचनात त्यासाठी दिलेली कारणे क्रमांक घालून स्वतःच्या शब्दांत लिहायची, बहुधा चार ते सहा निघतात. तिसऱ्या वाचनात न लिहिलेले पण गृहीत धरलेले विधान शोधायचे. हे सर्वांत अवघड आणि सर्वांत उपयोगी. मग कसोटी : सगळी कारणे खरी मानूनही निष्कर्ष खोटा असू शकेल अशी परिस्थिती कल्पता येते का? येत असेल तर युक्तिवाद फसला किंवा एखादे कारण लिहायचे राहिले. एवढे एका पानात बसवायचे. सत्रात अशी दहा पाने झाली तर अभ्यास झाला.

विद्यार्थी कुठे अडखळतात तेही ठरलेले आहे. निबंध ‘प्राचीन काळापासून मानव’ने सुरू होतो, तत्त्ववेत्त्याच्या चरित्रात दीड पान जाते, प्रतिपक्ष इतका दुबळा मांडलेला असतो की फुंकरीने पडावा, आणि शेवटी ‘अशा प्रकारे दोन्ही मतांत तथ्य आहे’. दोष विद्यार्थ्यांचा कमी आणि प्रश्नपत्रिकेचा जास्त. ‘टिपा लिहा’ला मुद्दे मोजून गुण मिळतात, विरोधकाची बाजू ताकदीने मांडली याचे वेगळे गुण कुठल्याच तक्त्यात नसतात. अंतर्गत गुणांमध्ये तरी हे महाविद्यालयाच्या हातात आहे. १,००० शब्दांचा एक निबंध, त्यातले निदान ३०० शब्द स्वतःला न पटणाऱ्या बाजूसाठी, आणि दहा मिनिटांची तोंडी परीक्षा. दुसऱ्याकडून किंवा मशीनकडून लिहून घेतलेला निबंध पहिल्या तीन मिनिटांत उघडा पडतो. ८० जणांच्या वर्गाला हे जमत नाही हे खरे. वीस-वीसच्या तुकड्या हव्यात आणि तिथेच गाडे अडते. भौतिकशास्त्राच्या शिक्षकाने दोन आठवडे तत्त्वज्ञानाच्या तासाला यायचे म्हटले तर तो कार्यभार कुणाच्या नावावर धरायचा? संयुक्त तासिकांचा भार दोन्ही विभागांत वाटून धरण्याची स्पष्ट सोय विद्यापीठांनी केली नाही, तर वर सांगितलेले सगळे कागदावर राहील.

पालकांच्या प्रश्नाचे उत्तर राहिले. नुसती तत्त्वज्ञानातली बीए दाखवून नोकरी मिळणे कठीण आहे आणि तसे न सांगणे अप्रामाणिकपणाचे आहे. शालेय स्तरावर हा विषय नाही. अकरावी-बारावीला तर्कशास्त्र आहे, पण ते सगळीकडे शिकवले जात नाही. वरिष्ठ महाविद्यालयात शिकवायचे तर एमएनंतर नेट किंवा सेट लागते आणि जागा मोजक्या. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत तत्त्वज्ञान हा ५०० गुणांचा वैकल्पिक विषय आहे आणि २०१३ पासून नीतिशास्त्राचा २५० गुणांचा पेपर सर्वांनाच आहे. पण त्या पेपरातले जवळपास निम्मे गुण प्रसंगाधारित प्रश्नांना असतात, तिथे कांटचे नाव घालून भागत नाही. कायदा, पत्रकारिता, सॉफ्टवेअर, धोरण-अभ्यास इथे मेजर दार उघडते. युक्तिवाद सोडवण्याची सवय तिथे गेल्यावर कामाला येते.

तेव्हा अर्जातल्या त्या रकान्यावर खूण करण्याआधी विद्यार्थ्यांनी विभागात जावे आणि दोन गोष्टी मागाव्यात : अभ्यासक्रमाची प्रत आणि गेल्या सत्राची प्रश्नपत्रिका. अभ्यासक्रमात आपल्या मेजरशी जोडलेले एक तरी प्रकरण आहे का ते पाहावे, आणि प्रश्नपत्रिकेत ‘युक्तिवाद तपासा’, ‘आक्षेप घ्या’, ‘उत्तर द्या’ असे किती प्रश्न आहेत ते मोजावे. एकही नसेल तर दुसरा विषय घ्यावा, आणि का घेतला ते विभागप्रमुखांना लेखी कळवावे.

आपले,
पदवी वर्गांना तत्त्वज्ञान शिकवणारे काही शिक्षक, पुणे